उमेदवार बाबासाहेब आणि मतदारांचे प्रश्न

निवडणुका जवळ आल्या की आपल्या वस्त्यांमध्ये उमेदवारांची वर्दळ सुरू होते. प्रत्येक पक्षाचा उमेदवार येतो, तथागतांच्या मूर्तीपुढे व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे नतमस्तक होतो, पुष्पहार अर्पण करतो, ‘जय भीम’ म्हणतो आणि बाबासाहेबांच्या विचारांचा वारसा चालविण्याचे अभिवचन देऊन पाच मिनिटांत पुढच्या वस्तीकडे रवाना होतो. त्याच्यामागे एखादा कार्यकर्ता थांबतो व समाजमंदिराच्या पत्र्यांचे, फरशीचे, पाण्याच्या टाकीचे काय ते विचारून घेतो. ह्या धामधुमीत जे व्हावयास हवे तेच नेमके राहून जाते. उमेदवाराला प्रश्न विचारला जात नाही. विचारला गेलाच तर तो असा असतो की, ‘होय, नक्की’ ह्याखेरीज त्याचे दुसरे उत्तर येऊच शकत नाही.

वस्तुतः प्रश्न विचारणे ही आपली परंपरा आहे. केसपुत्त नगरातील कालामांनी भगवान बुद्धांपुढे आपला संशय मांडला तेव्हा त्यांनी त्यांना गप्प बसविले नाही. परंपरा, ग्रंथ वा गुरूचा अधिकार ह्यांवर न विसंबता स्वतः पारखून घ्या असेच सांगितले. ज्यांचा धम्म ‘ये आणि पाहा’ म्हणतो, त्यांनी राजकारणात मात्र डोळे मिटून हात जोडावेत हे विसंगत आहे. दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील अखेरच्या मोठ्या भाषणात प.पू. बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती अधःपाताकडे नेते असा इशारा दिला होता. तो आपण दरवर्षी व्यासपीठावरून ऐकतो. ऐकून घरी जातो.

बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार, कायदेपंडित, अर्थतज्ज्ञ व बोधिसत्त्व म्हणून जाणतो. परंतु बाबासाहेब हे मते मागणारे उमेदवारही होते ही बाजू आपल्या स्मरणिकांमधून फारशी येत नाही. १९३७ साली ते निवडून आले, १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पराभूत झाले. ह्या निवडणुकांपैकी पहिल्या दोहोंसाठी त्यांनी मतदारांपुढे जे जाहीरनामे ठेवले, ते आजच्या मतदाराने, विशेषतः विद्यार्थ्यांनी, मुद्दाम अभ्यासावेत. मतदाराच्या मनात कोणते प्रश्न असावेत आणि उमेदवाराने त्यांना कसे उत्तर द्यावे, ह्याचा तो उत्तम नमुना आहे.

प्रथम १९३७ चे पाहू. १९३५ च्या कायद्यान्वये प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका होणार म्हणून ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. मताचा अधिकार तेव्हा सर्वांना नव्हता. मालमत्ता, कर किंवा शिक्षण ह्यांच्या अटी होत्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ अस्पृश्य वर्गासाठी राखीव होत्या. केवळ भावनेला हात घालून मते मागितली असती तरी ह्या जागांपैकी बऱ्याच पक्षाला मिळाल्या असत्या. महाडचा व काळारामाचा लढा ताजा होता, येवल्याची घोषणा होऊन वर्षही झाले नव्हते. तरी जाहीरनाम्यात काय आहे? शेतीचे लहान लहान तुकडे झाल्याने कुटुंब का जगत नाही ह्याचा विचार आहे. शेतकऱ्यांसाठी भूतारण बँका, सहकारी संस्था व खरेदी-विक्री संघ काढण्याचे आश्वासन आहे. कुळांना जमीनदारांच्या पिळवणुकीपासून व जमिनीवरून हुसकावण्यापासून कायद्याने संरक्षण, कारखान्यांतील नोकरभरती, बडतर्फी व बढती ह्यांवर नियंत्रण, कामाचे तास, पुरेसे वेतन, पगारी रजा, आरोग्यदायी व स्वस्त घरे, धंदेशिक्षण, बेकारांसाठी सार्वजनिक बांधकामे ह्या सर्वांचा त्यात समावेश आहे. आवश्यक तेथे उद्योग सरकारच्या मालकीचे वा व्यवस्थेखाली असावेत हे तत्त्व पक्षाने मान्य केले होते. इतकेच काय, खेड्यांत सभागृहे, वाचनालये व फिरते सिनेमे असावेत हेसुद्धा त्यात लिहिले आहे. मला स्वतःला ही शेवटची ओळ फार आवडते. खेड्यातल्या माणसाला भाकरीबरोबर जगाचे दर्शनही हवे, हे जाहीरनाम्यात लिहायला दृष्टी लागते.

ह्यातील प्रत्येक बाब प्रांतिक विधानसभेच्या अधिकारातील किंवा तिच्या आवाक्यातील होती. संरक्षणाच्या वा परराष्ट्र धोरणाच्या गप्पा त्यात नव्हत्या, कारण ते विषय त्या सभागृहाकडे नव्हतेच. आपण ज्या सभागृहात जाणार तेथे काय होऊ शकते एवढेच बाबासाहेबांनी सांगितले.

फेब्रुवारी १९३७ मध्ये मतदान झाले. पक्षाने १७ जागा लढविल्या व १४ जिंकल्या. भायखळा-परळ मतदारसंघात बाबासाहेबांपुढे काँग्रेसने सुप्रसिद्ध क्रिकेटपटू पी. बाळू ह्यांना उभे केले होते. बाळू हेही दलित समाजातूनच आलेले व जनमानसात लोकप्रिय. बाबासाहेबांना १३,२४५ तर बाळूंना ११,२२५ मते पडली, म्हणजे लढत अगदीच एकतर्फी नव्हती.

निवडून आल्यावर काय झाले हे त्याहून महत्त्वाचे. कुळांना संरक्षण देऊ असे म्हटले होते. कोकणात कुळाच्या मानेवर बसलेला होता तो खोत. दि. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. सरकार ते पुढे नेत नाही असे दिसल्यावर दि. १० जानेवारी १९३८ रोजी सुमारे २० हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला व शिष्टमंडळाने पंतप्रधान बाळासाहेब खेर ह्यांची भेट घेतली (प्रांताच्या मुख्यमंत्र्यास तेव्हा पंतप्रधान म्हणत). कामगारांच्या हक्कांचे आश्वासन दिले होते. १९३८ साली संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आले तेव्हा पक्षाने सभागृहात कडाडून विरोध केला आणि दि. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाहेर एक दिवसाचा संप घडवून आणला. महार वतनाविरुद्धचे विधेयकही त्यांनी पुन्हा मांडले. ही विधेयके त्या वेळी मंजूर झाली नाहीत. पण खोती १९४९ च्या कायद्याने गेली आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने. मतदाराला दिलेले उत्तर, सभागृहातले विधेयक आणि रस्त्यावरचा मोर्चा ह्या तिन्हींत एकच वाक्य बोलले गेले.

आता १९५१ कडे वळू. दि. १० ऑक्टोबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाच्या राजीनाम्याविषयीचे आपले निवेदन प्रसिद्ध केले. त्याच सुमारास शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निवडणूक जाहीरनामा तयार झाला. स्वतंत्र भारताची ही पहिलीच सार्वत्रिक निवडणूक, प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत. अशा वेळी कोणताही उमेदवार गोड बोलतो. बाबासाहेबांनी काय केले? शिक्षण, आरोग्य, शेतीची सुधारणा ह्यांचे कार्यक्रम मांडले आणि त्यापाठोपाठ, कोणीही आग्रह धरलेला नसताना, ह्या सर्वाला पैसा कोठून येणार ह्याचे उत्तर दिले. लष्करावरील खर्च कमी करावा, मिठावरील कर पुन्हा बसवावा, दारूबंदी रद्द करून बुडालेले अबकारी उत्पन्न परत मिळवावे आणि विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण करावे, असे ते उत्तर होते.

ही यादी वाचताना आजही दचकायला होते. लष्करावरील खर्चाविषयी ते राजीनाम्याच्या निवेदनातही स्पष्ट बोलले होते. वर्षाला ३५० कोटी रुपयांचा महसूल आणि त्यातील सुमारे १८० कोटी लष्करावर, हे प्रमाण परराष्ट्र धोरण चुकल्यामुळे आले आहे असे त्यांचे म्हणणे होते. मिठाचा कर तर गांधीजींच्या १९३० च्या सत्याग्रहाने देशभर भावनेचा विषय बनलेला. तो १९४७ साली रद्द झाला होता. तो पुन्हा लावा, आणि त्यातून येणारा पैसा गांधीजींच्याच नावाच्या निधीत घालून अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी खर्च करा, असे सांगणारा उमेदवार मते मिळविण्यासाठी बोलत नव्हता हे उघड आहे.

दारूबंदीचा मुद्दा आपल्यासारख्या पंचशील घेतलेल्यांनी जरा थांबून वाचावा. पुढे १९५६ साली ज्यांनी आपल्याला सुरा-मेरयापासून विरत राहण्याचे शील दिले, त्याच बाबासाहेबांनी पाच वर्षे आधी सरकारी दारूबंदीला विरोध केला होता. ह्यात विरोधाभास नाही. शील मनुष्य स्वतः होऊन ग्रहण करतो, तर धोरणाचे फळ मोजून पाहावे लागते. दारूबंदीने सरकारचे उत्पन्न बुडाले, पोलिसांचा खर्च वाढला आणि गाळप घराघरात शिरले, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. (आमच्या संस्थेच्या महिला मंडळात हा विषय निघाला तर मतभेद होतील हे मी आजच सांगू शकतो.) पण पटण्या-न पटण्यासारखे काहीतरी समोर ठेवले होते. आज वचननाम्यांत असे काही सापडते का, ज्याला आपण ‘नाही’ म्हणू शकू?

मी बँकेत काम करतो. कर्जाचा अर्ज आला की अर्जदार काय घेणार हे एका ओळीत लिहिलेले असते आणि तेवढ्यावर कर्ज मंजूर होत नाही. परतफेड कोठून करणार ह्याची पाने भरून घेतो. मात्र मत देताना आपण अर्जाचे पहिले पान वाचतो आणि सही करतो. मोफत हे, मोफत ते, एवढे हजार, तेवढे लाख. परतफेडीचे पान कोरेच असते. सर्वोच्च न्यायालयाने दि. ५ जुलै २०१३ रोजी सुब्रमणियम बालाजी खटल्यात निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास सांगितले. आयोगाने २०१४ साली ती आचारसंहितेत घातली. आश्वासनामागचे कारण सांगावे आणि त्यासाठी लागणारा पैसा कोणत्या मार्गाने उभा करणार हे ढोबळमानाने तरी नमूद करावे, असे त्यात आहे. जी गोष्ट आयोगाला २०१४ साली सांगावी लागली, ती बाबासाहेबांनी १९५१ साली आपण होऊन केली होती.

यावर कुणी म्हणेल, ‘खरे बोलले आणि पडले.’ हा आक्षेप टाळून चालणार नाही, कारण आपले तरुण कार्यकर्ते तो खाजगीत नेहमी घेतात. बाबासाहेब १९५२ साली उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण सदोबा काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले हे खरे. परंतु त्या निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसने जिंकल्या. भले भले पडले. मिठाच्या करामुळे बाबासाहेब पडले असे मानण्यास आधार नाही. त्यांना १,२३,५७६ मते पडली, आणि ही मते कर लावीन असे सांगणाऱ्या माणसाला पडली, ह्याची नोंद कोणी घेत नाही. पुढे १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. पराभूत उमेदवाराच्या जाहीरनाम्यातील सूचना विजयी पक्षाच्या सरकारने अमलात आणली, असे म्हटले तरी चालेल.

आता आपल्याकडे. आपल्या प्रश्नांत पहिली खोट असते ती पत्त्याची. ग्रामपंचायतीचा प्रश्न खासदाराला आणि संसदेचा प्रश्न नगरसेवकाला विचारला जातो. उमेदवारालाही ते सोयीचे असते; जे आपल्या हातातच नाही त्याचे वचन देण्याइतके सोपे काय आहे? हे किती महागात पडते ह्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्यांच्या सवलतींचा प्रश्न उभा राहिला, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींची मान्यता हिंदू धर्मीयांपुरती होती (शिखांचा समावेश १९५६ साली झाला). महाराष्ट्र राज्याने १९६० साली नवबौद्धांना आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या. पण केंद्राच्या नोकऱ्या व केंद्राच्या सवलती राज्याच्या हातात नव्हत्या. त्यासाठी संसदेने कायदा करणे आवश्यक होते व तो १९९० साली झाला. मधली तीस वर्षे! एक पिढी नोकरीच्या वयाची होऊन वयाच्या अटीतून बाहेर पडली. ह्या काळात विधानसभेच्या किती उमेदवारांनी आपल्या सभांतून ‘केंद्राच्या सवलती मिळवून देऊ’ म्हणून टाळ्या घेतल्या असतील, त्याची मोजदाद नाही.

महाबोधी महाविहाराचा प्रश्न असाच आहे. आज आपल्या वस्तीत येणारा प्रत्येक उमेदवार महाविहार मुक्तीची घोषणा देतो. त्याला शांतपणे विचारावे की, बोधगया मंदिर अधिनियम १९४९ चा असून तो बिहारच्या विधिमंडळाने केलेला आहे. त्याप्रमाणे व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू सदस्य आणि गयेचे जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात. अध्यक्ष हिंदूच असला पाहिजे ही अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली, पण सदस्यांचे प्रमाण तसेच राहिले. मग आपण महाराष्ट्राच्या विधानसभेत बसून नेमके काय करणार? ठराव करून पाठविणार असाल तर तसे सांगा. लोकसभेचा उमेदवार असेल तर प्रश्न वेगळा होतो. धार्मिक संस्था व धर्मादाय देणग्या हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत २८ व्या नोंदीत आहे, म्हणजे संसदही त्यावर कायदा करू शकते. खाजगी विधेयक आणणार का? आणि हेही त्याने प्रामाणिकपणे सांगावे की, १९७० नंतर एकही खाजगी विधेयक संसदेत मंजूर झालेले नाही. तेव्हा आपल्या पक्षाला सरकारी विधेयक आणावयास तो कसे लावणार?

येथूनच पक्षाचा प्रश्न निघतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून आमदार-खासदाराला पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत देता येत नाही. दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे ‘तुमचे मत काय?’ ह्या प्रश्नाला आज अर्धीच किंमत आहे. ‘तुमच्या पक्षाची लेखी भूमिका काय, आणि ती ह्याविरुद्ध गेली तर पक्षाच्या बैठकीत तुम्ही काय बोलाल?’ हा पुरा प्रश्न. महाराष्ट्राने २०२२ व २०२३ साली जे पाहिले त्यानंतर ‘निवडून आल्यावर ह्याच पक्षात राहणार का?’ हेही विचारावे लागते. ह्याला मी मात्र धोरणाचा प्रश्न म्हणणार नाही, आणि त्याचे उत्तर लिहून घेण्यात कागद वाया घालवू नये असे माझे मत आहे.

मुदतीचाही प्रश्न हवा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी दि. २७ जुलै १९७८ रोजी केला. प्रत्यक्ष नामविस्तार झाला दि. १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या साडेपंधरा वर्षांत घरे जळाली, माणसे गेली. ठराव आणि अंमल ह्यांतील हे अंतर ज्या समाजाने रक्ताने मोजले आहे, त्याने तरी ‘करू’ ह्या शब्दावर समाधान मानू नये. ‘केव्हा?’ असे विचारावे.

विद्यार्थी मित्रांसाठी एकदोन प्रश्न नमुन्यादाखल देतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा भार २०२०-२१ पासून केंद्राने ६० टक्के व राज्याने ४० टक्के उचलावयाचा असे ठरले आहे. राज्याने आपला वाटा दिल्यानंतर केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावयाचा. म्हणजे शिष्यवृत्ती रखडली तर ‘केंद्राकडून आली नाही’ हे आमदाराचे उत्तर नेहमीच पुरे पडत नाही. राज्याचा ४० टक्के वाटा गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात वर्ग झाला, हे त्याला विचारा. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा २०१३ साली ठरली. ती वाढविण्याबाबत आपली भूमिका काय, हे खासदारकीच्या उमेदवाराला विचारा. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवावा आणि तो दुसरीकडे वळवू नये म्हणून आंध्र प्रदेशाने २०१३ साली कायदा केला, कर्नाटकानेही त्याच वर्षी केला. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी अनेक वर्षांपासून होत आली आहे. विधानसभेच्या उमेदवाराला त्या कायद्यांतील कलमे तरी माहीत आहेत का? गावाकडील बांधवांना ह्याहून सोपा प्रश्न आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १५ टक्के व जिल्हा परिषदेने २० टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले? सरपंचपदाच्या उमेदवाराला हे ठाऊक नसेल तर त्याने ग्रामसेवकाकडून विचारून यावे, आपण थांबू.

समाजमंदिराच्या पत्र्यांविषयी एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. मत देण्याच्या बदल्यात काही घेणे हीसुद्धा लाच आहे, केवळ देणाऱ्याचीच नव्हे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या १२३ व्या कलमात घेणाऱ्याचाही उल्लेख आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत असलेली तरतूद दि. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १७० व्या कलमात आली आहे. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, सार्वजनिक धोरण जाहीर करणे वा सार्वजनिक कृतीचे वचन देणे हा गुन्हा नाही. कायद्याने ओढलेली ही रेषा सुंदर आहे. ‘आमच्या मंडळाला पन्नास खुर्च्या द्या, आमची मते तुमची’ हे एका बाजूला आणि ‘आमच्या प्रभागात अभ्यासिका काढण्याचा ठराव तुम्ही मांडणार का?’ हे दुसऱ्या बाजूला. खासदार निधी १९९३ साली सुरू झाला आणि तेव्हापासून लोकप्रतिनिधी म्हणजे निधी वाटणारा अधिकारी असा समज रूढ झाला. १९३७ च्या विधानसभेत बाबासाहेबांकडे असा एक रुपयाही नव्हता.

उमेदवाराचे शपथपत्रही प्रश्नांच्या आधी वाचून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे गुन्हे, मालमत्ता, देणी व शिक्षण ह्यांची माहिती उमेदवाराला नमुना २६ मध्ये द्यावी लागते. ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात व आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. लोक मालमत्तेचा आकडा पाहतात. माझी नजर सवयीने बँकांच्या व सरकारच्या थकबाकीच्या रकान्याकडे जाते, आणि तेथे बरेच काही वाचावयास मिळते.

आपल्यासारख्या संस्थांनी उमेदवारांची प्रश्नोत्तर-सभा ठेवावयाची ठरविल्यास ती विहारात ठेवू नये. प्रार्थनास्थळांचा प्रचारासाठी वापर आचारसंहितेने निषिद्ध आहे आणि धार्मिक संस्थांच्या गैरवापरास प्रतिबंध करणारा १९८८ चा कायदाही आहे. शाळेचे सभागृह किंवा मोकळे मैदान घ्यावे, परवानगी आधी काढावी आणि निमंत्रण एकूण एक उमेदवाराला द्यावे, मग तो आपल्याला आवडो वा न आवडो. सभासदाने स्वतः कोणाला मत द्यावे हा त्याचा प्रश्न. नोंदणीकृत संस्थेने मात्र कोणाच्याही बाजूने पत्रक काढू नये. प्रश्न चिठ्ठ्यांवर आधी मागवून घ्यावेत, म्हणजे माईकपुढे उभे राहण्यास संकोचणाऱ्या भगिनींचे व मुलांचे प्रश्न येतात; माईक मोकळा ठेवला की आपल्याकडे प्रश्नाऐवजी भाषणे होतात हा अनुभव सर्वांनाच आहे. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ. हारतुरे व सत्कार नकोत, त्यातच अर्धा तास जातो. चिटणीसांनी प्रत्येक उत्तर तारखेसह वहीत लिहावे, जमल्यास खाली उमेदवाराची सही घ्यावी आणि ती वही संस्थेच्या कपाटात इतर दप्तराबरोबर ठेवावी. पुढील निवडणुकीत तीच व्यक्ती पुन्हा आली तर पहिला प्रश्न त्या वहीतून वाचता येतो. मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत जाहीर सभा घेता येत नाही. तेव्हा मतदानाच्या आदल्या आठवड्यातील रविवार सोयीचा, आणि सभागृहाचे आरक्षण उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत संपताच करावे.